आटपाट नगरातला दोर : थकलेल्या हप्त्याचं एक प्रकरण

पाचव्या हप्त्यासमोर सही नव्हती. हे प्रकरण माझ्या लक्षात आलं ते एवढ्यावरूनच.

औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावातला बचत गट. बारा बाया, दर शुक्रवारी दुपारी समाजमंदिरात बैठक. २०२४ च्या जुलैत मी तिथं जायला लागले. गटातल्या बायांबरोबर जीवनकौशल्यं आणि संवाद या विषयावर अर्धा-पाऊण तास काहीतरी घ्यायचं, एवढंच माझं काम. पण ज्या गटात बोलायचं त्याच्या वह्या आधी बघून घ्यायच्या, ही माझी जुनी खोड. बाया तोंडानं सांगत नाहीत ते वही सांगते.

कर्ज तीस हजारांचं होतं. पंधरा हप्ते, दर महिन्याला दोन हजार मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर शेकडा दोन रुपये व्याज. पहिले चार हप्ते वेळच्या वेळी, चारींसमोर कर्जदार बाईची गोल, सावकाश काढलेली सही. पाचवा, २,४४० रुपये, जमा दाखवलेला, पण सहीची जागा कोरी. सहावा आणि सातवा थकलेले.

"ही सही राहिली का?" मी कोषाध्यक्षांना विचारलं. गटात सगळ्यांत लहान, वय सव्वीस, बारावी झालेली. अक्षर चांगलं म्हणून वही तिच्या गळ्यात पडलेली. तिनं पदर सारखा केला, "राहिली असंल मॅडम" म्हणाली आणि वही मिटली. मी चपला घालत होते तेव्हा दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "तो मीच भरला. शिलाईच्या पैशातून."

इथं कुणाचीच नावं लिहीत नाही. गटात ज्या हाका मारतात त्या पुरेत: धाकटी, काकू आणि आक्का.

धाकटी म्हणजे ही कोषाध्यक्ष. काकू म्हणजे कर्जदार, धाकटीची चुलत सासू. काकूचे दीर पूर्वी सरपंच होते. वाटण्या होत होत शेत पाच एकरांवर आलं, घराचं नाव तेवढं मोठं राहिलं. कर्ज काढलं होतं लेकीसाठी, लातूरच्या नीटच्या क्लासची फी आणि खोलीचं भाडं. लातूर पॅटर्नचं नाव महाराष्ट्रभर झालं, पण आसपासच्या गावांत त्या पॅटर्नचा हिशोब बघायचा असेल तर बचत गटांच्या वह्या उघडाव्यात.

धाकटी काकूसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. लग्नात तिची ओटी काकूनंच भरलेली. ती भर बैठकीत "तुमचा हप्ता राहिलाय" म्हणणार कशी? एकदा घरी जाऊन सांगायचं म्हणून निघाली होती. काकूनं चहा ठेवला, शेंगदाण्याचा लाडू हातावर दिला, सासूच्या गुडघ्याची चौकशी केली. ही लाडू खाऊन परत आली. इकडं बँकेचा हप्ता जवळ आलेला. गटाची बँकेतली पत बिघडली की पुढचं कर्ज बारा जणींचं अडतं, हे तिला पक्कं माहीत. म्हणून तिनं स्वतःचे २,४४० घातले. त्या गावात साध्या ब्लाउजची शिलाई शंभर रुपये. एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी या पोरीनं चोवीस-पंचवीस ब्लाउज शिवले.

तिनं मला हे सांगितलं ते "कुणाला बोलू नका" म्हणून. मी बोलले नाही. आज लिहितेय ते तिला वाचून दाखवून, तिच्या होकारानं.

आता माझी फजिती.

पुढच्या शुक्रवारी मी भिंतीला तक्ता लावला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात शाळांसाठी मांडलेली दहा जीवनकौशल्यं: स्वतःची ओळख, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, परिणामकारक संवाद, नाती जपणं, ताण हाताळणं, भावना हाताळणं. यादी चांगलीच आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. बायांनी ती आरतीसारखी एका सुरात वाचली. मग मी प्रशिक्षणात शिकलेली वाक्यं म्हणून घ्यायला लागले, "जेव्हा तुम्ही पैसे वेळेवर देत नाही तेव्हा मला काळजी वाटते" या छापाची. मागच्या रांगेतून एक जण म्हणाली, "मॅडम, असं शिरेलीत बोलतेत." सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या, धाकटीसुद्धा.

त्यांचं बरोबर होतं. त्या गावात वडीलधाऱ्या बाईपुढं "मला असं वाटतं" म्हणून कुणी तोंड उघडत नाही. सुरुवात "काकू, जेवलाव का?" अशी होते. मी दिलेलं वाक्य व्याकरणात बसत होतं, गावात बसत नव्हतं.

त्यानंतरच्या खेपेला म्हटलं, गोष्ट सांगू. मुंगी आणि टोळाची सांगितली, साठवणूक आणि वेळेचं भान वगैरे. शेवटी विचारलं, "तात्पर्य काय?" शाळेत तात्पर्याला दोन मार्क असायचे, ती सवय कुणाची सुटलेली नाही. "वेळच्या वेळी करावं!" असं सगळ्या म्हणाल्या आणि सगळ्यांत मोठा आवाज काकूचा होता. माझ्या त्या दिवसाच्या नोंदीत लिहिलंय, "सहभाग उत्तम."

ऑगस्टात आठवाही थकला, ओळीनं तिसरा.

आक्काचं वय सत्तरीच्या आसपास. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा तिचं जुन्या गावातलं घर बसलं. नंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात गावोगावच्या बायांना संवाद सहाय्यक म्हणून नेमलं होतं, त्यांतली ती एक. म्हणजे तेव्हा काम काय, तर सरकारी माणसाचं बोलणं बायांना कळेल असं सांगायचं आणि बायांचं म्हणणं सरकारी माणसाला. गटात ती कुठल्याच पदावर नाही. कोपऱ्यात बसते, अडकित्त्यानं सुपारी कातरत असते.

१६ ऑगस्टचा शुक्रवार, श्रावणातला. बऱ्याच जणी जिवतीची पूजा आटोपून आलेल्या. मी पिशवीतून काहीतरी काढायला लागले तशी आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम. आज शुक्रवार हाय. कहाणी मी सांगते. हुंकार कोण देणार? हुंकार नसंल तर मी सांगत न्हाई." आणि कुणी काही बोलायच्या आत धाकटीकडं बोट केलं. "तू दे."

ज्यांच्या घरी आता कहाणी सांगितली जात नाही त्यांच्यासाठी: सांगणारा एकेक वाक्य सांगतो, ऐकणाऱ्यांपैकी एकानं दर वाक्याला "हूं" म्हणायचं. हुंकार चुकला की कहाणी थांबते. आमच्या प्रशिक्षणात सक्रिय श्रवणासाठी अख्खं सत्र असतं, मान कशी डोलवायची, नजर कुठं ठेवायची. आमच्या आज्या ते एका "हूं"मध्ये शिकवून मोकळ्या झाल्या.

आक्काची कहाणी मी लगेच उतरवून घेतली ती अशी:

"आटपाट नगर होतं. नगरात एक आड होता. आडाला दोर एकच, साऱ्या गावाचा. दोर राखायचं काम एका सुनंवर. एक दिवस मोठ्या वाड्यात लगीन निघालं. मांडव बांधायला दोर वाड्यात नेला. मांडव उतरला, दोर काय आला न्हाई. सून वाड्याच्या दारापोतर गेली, तशीच फिरली. सकाळी बाया आडावर आल्या. दोर कुटंय? सुनंनं लुगड्याचा काठ फाडला, पीळ घातला, पोहऱ्याला बांधला. दुसऱ्या दिवशी दुसरा काठ. चैत गेला, वैशाख आला. पाणी खोल गेलं. पोहरा पाण्याला टेकंना. अंगावर लुगडं उरलं, काठ उरला न्हाई. तवा ती उठली, वाड्याच्या दारात जाऊन उभी ऱ्हायली. आतनं थोरली बाई आली. सून म्हणली..."

आक्का थांबली. अडकित्त्यात सुपारी धरली.

लुगड्याचा काठ फाडला तिथंच हुंकार बारीक झाला होता. दुसऱ्या काठाला तो बंदच पडला. आक्कानं कहाणी न थांबवता नुसतं पाहिलं, तेव्हा धाकटीनं घशातल्या घशात "हूं" केलं.

"काय म्हणली मग?" कुणीतरी विचारलं.

"मला काय ठाव? तुमीच सांगा."

मग खोलीत जे सुरू झालं ते माझ्या कुठल्याच सत्रात झालं नव्हतं. एक म्हणाली, "काकू, दोर द्या, पाणी शेंदायचंय, असं म्हणली असंल. दुसरं काय म्हणायचं!" दुसरी म्हणाली, "मी असते तर म्हणले असते, वाड्याला दोर कमी पडला का?" यावर हशा. तिसरीनं मान हलवली, "असं बोललं की दोर बी जातो अन् नातं बी." चौथीची कल्पना मला अजून आवडते: "दोर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, पण रोज सकाळी गावाचं पाणी तुमीच शेंदून द्या." पाच-सात वाक्यं पडली. एकच गोष्ट भीक, टोमणा, हुकूम, विनंती आणि सौदा अशा पाच तऱ्हांनी बोलता येते, हे बायांनी स्वतःच्या तोंडानं करून बघितलं. धाकटी गप्पच होती.

"अन् थोरली काय म्हणली?" आक्का सुपारीकडं बघतच बोलली.

कुणी बोलेना. काकू चटईची काडी उपसत बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "म्हणली असंल, मागायचास की गं. मला वाटलं, तुमी दुसरा आणलाव." आणि जरा थांबून, आधीपेक्षा खालच्या आवाजात, "दोर वाड्यात कुटं पडलाय ते थोरलीला तरी कुटं ठाव असतंय. गड्यामाणसांनी नेलेला."

मी लिहिता लिहिता थांबले. इतके दिवस मी हे प्रकरण धाकटीचं समजत होते, भिडस्त सुनेचं. काकूला मी "मोठ्या घरची, हप्ता बुडवणारी" अशा खान्यात टाकलं होतं. कर्ज काकूच्या नावावर, सही काकूची, पण पैसा घरच्या पुरुषांच्या हातात. गेल्या हंगामाचं सोयाबीन भाव येईल म्हणून घरात पोत्यांत पडून होतं. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,६०० रुपये, बाजार त्याच्याही खाली. पोती विका असं नवऱ्याला म्हणायची काकूची प्राज्ञा नव्हती. धाकटी काकूपुढं जशी लाडू खाऊन परत येत होती, तशीच काकूही आपल्या माजघरातून परत येत होती.

आक्कानं कहाणी पुरी केली नाही. "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" हे वाक्य यायला हवं होतं. बायांनी वाट पाहिली. ती म्हणाली, "सुफळ व्हायची हाय अजून," आणि बचतीचे पैसे गोळा करायला सांगितलं.

इथं कुणीही मराठी वाचक म्हणेल, हा तर सरळ "लेकी बोले सुने लागे" असा प्रकार. मीही आक्काला तेच विचारलं, बैठक सुटल्यावर. "टोमणा होता ना हा?"

"व्हता की," ती म्हणाली. "पण तिला बोलाया जागा ठेवली."

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली या जागेत आहे. टोमण्यात ज्याला लागतं त्याला उत्तर देता येत नाही. उत्तर दिलं तर "तुला कोण म्हणालं?" हे तयारच असतं. मुंगी-टोळाच्या गोष्टीत मीही तेच केलं होतं, तात्पर्यानं दार लावून घेतलं होतं. काकूला त्यातून निघायची एकच वाट होती, सगळ्यांच्या बरोबरीनं मोठ्यानं तात्पर्य म्हणायचं. ती त्या वाटेनं निघून गेली. आक्कानं मात्र थोरलीचं तोंड रिकामं ठेवलं आणि काकूनं ते भरलं, आटपाट नगरातल्या बाईच्या नावानं. स्वतःच्या नावानं ती ते कधीच बोलली नसती.

दृष्टांत देऊन शिकवणं मराठवाड्याला नवं नाही. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत केशोबासांनी एकत्र केले, आणि त्यांच्या मांडणीत सूत्र, दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा अर्थ, येतो. कीर्तनातही महाराज दृष्टांत देतात आणि अर्थही तेच सांगतात, आपण मान डोलवतो. ती रीत ज्ञान द्यायची आहे, तिथं ती शोभते. हप्ता मागायला शिकायचं असेल तर अर्थ सांगणारा जितका गप्प बसेल तितकं बरं. त्यापेक्षा पैठणच्या एकनाथांच्या भारुडातली सोंगाची युक्ती आम्हाला जास्त उपयोगी पडली.

कारण पुढचा आठवडाभर आक्काच्या ओसरीवर सोंगंच चालली होती. आक्का काकू व्हायची. धाकटीनं यायचं, मागायचं, जायचं. आक्का दर वेळी खराखुरा चहा ठेवायची आणि खराखुरा लाडू द्यायची. "लाडू तोंडात गेला की हरलीस," हा नियम. पहिल्या दिवशी धाकटी चार वेळा हरली. मग ठरलं की बोलायचं ते चहाच्या आधी, पण "जेवलाव का"च्या नंतर. मध्ये बारीकशी फट असते, तिथं.

मग वाक्य. धाकटीचं पहिलं वाक्य लांबलचक होतं, त्यात बँक, मॅनेजर, ऑडिट, "मला म्हणतेत सगळे" असं बरंच काही. आक्का एकेक शब्द कातरत गेली. "मॅनेजर काढ. तू त्याच्या पदराआड लपतीस." शेवटी "कधी देणार?" एवढं उरलं, तेही आक्काला रुचेना. "कधी देणार म्हणलं की देणारी खाली अन् मागणारी वर. कधीचं धरू, असं म्हण." मी या दोन वाक्यांवर बराच वेळ विचार केला. "कधी देणार" म्हणजे चौकशी. "कधीचं धरू" यात देणार हे गृहीत आहे, तारीख सांगायचा मान समोरच्या बाईचा आहे आणि वही आपल्या हातात आहे. आमच्या पुस्तकांत ठामपणा आणि आदर यांचा तोल साधण्यावर पानंच्या पानं असतात.

२३ ऑगस्ट. हजेरी झाली, बचत झाली. धाकटीनं वही उघडली. आवाज बारीकच होता.

"काकू, तुमच्या नावावर तीन हप्ते हायत. सात हजार दोनशे. कधीचं धरू?"

काकूनं पदर कपाळापर्यंत ओढला. "तीन झाले का," म्हणाली. मग, "सांगते शुक्रवारी." बैठक संपायच्या आत उठून गेली. सगळ्या धाकटीकडं बघायला लागल्या. तिचा हात थरथरत होता आणि चारऐवजी पाच असं काहीतरी खोडून परत लिहिणं चाललं होतं. मला वाटलं, बिघडलं.

३० तारखेला काकू सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली. पाचशेच्या सहा नोटा वहीवर ठेवल्या. लाडकी बहीण योजनेचे जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार त्याच महिन्यात बायांच्या खात्यांवर आले होते. "हे माझे हायत," ती म्हणाली. 'माझे' या शब्दावर जरा जास्तच जोर होता. "बाकीचं पोती गेल्यावर. ठराव लिवा." ठराव लिहिला: उरलेले ४,२०० सप्टेंबरअखेर. पोती सप्टेंबरात बाजारात गेली, भाव काही आला नव्हता. पैसे तारखेच्या दोन दिवस आधी जमा झाले.

अहवाल लिहिणारा इथं थांबतो. थकबाकी वसूल, कौशल्य आत्मसात. मलाही थांबावंसं वाटलं होतं.

पण २,४४० तसेच होते. गटाच्या पैशासाठी धाकटीचं तोंड उघडलं. स्वतःच्या पैशाचा विषय मी दोनदा काढला, दोन्ही वेळा तिनं शिवणयंत्राला तेल घालायला घेतलं. गटाच्या पैशामागं अकरा जणी उभ्या असतात, या पैशामागं ती एकटी. आणि मागितले तर आपण भरले होते हेही सांगावं लागणार, म्हणजे काकूला चारचौघींत खाली बघायला लावणार. यात भित्रेपणा किती आणि शहाणपण किती, मला अजून नीट वेगळं काढता येत नाही. आक्का मात्र या बाबतीत माझ्यापेक्षा कडक आहे.

ऑक्टोबरात रास झाल्यावर काकू पुढचा हप्ता घेऊन आली. धाकटीनं वही पुढं सरकवली. काकूनं सही केली आणि सवयीनं बोट वरच्या ओळींवरून फिरवलं. पाचव्या ओळीपाशी थांबलं.

"इथं राहिली व्हती का गं सही?"

धाकटी म्हणाली, "हूं."

काकूनं त्या कोऱ्या जागेत आपली गोल, सावकाश सही केली आणि पेन मिटून ठेवला.

आक्कानं सुपारीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "लुगड्याला काठ हाय अजून हिच्या," म्हणाली.